चलन कोसळत असताना क्रिप्टोचा आधार कसा घ्यावा

एखाद्या देशाची अर्थव्यवस्था कोसळू लागते तेव्हा सामान्य माणसाच्या पैशावर दोन वेगवेगळी संकटे येतात, आणि ती एकच समजल्यामुळे पुष्कळ जण चुकीचा उपाय करून बसतात. पहिल्या संकटात पैसा हातात असतो, पण त्याची किंमत रोज गळत जाते. व्हेनेझुएलाच्या मध्यवर्ती बँकेनेच २०१८ या वर्षातील महागाई १,३०,०६० टक्के असल्याचे पुढे जाहीर केले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये तिथल्या बोलिव्हार या चलनावरची पाच शून्ये पुसण्यात आली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये आणखी सहा. दुसऱ्या संकटात खात्यावरचा आकडा शाबूत असतो, पण बँक पैसे देत नाही. लेबनॉनमध्ये ऑक्टोबर २०१९ नंतर ज्यांच्या खात्यात चक्क डॉलर होते त्यांनाही ते काढता येईनात. अर्जेंटिनात डिसेंबर २००१ मध्ये आठवड्याला २५० पेसोंपेक्षा जास्त रोकड काढण्यास बंदी आली, आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला लोकांच्या डॉलरमधील ठेवी एका डॉलरला १.४० पेसो या दराने परस्पर पेसोंत बदलल्या गेल्या. त्याच वर्षाच्या मध्यापर्यंत बाजारातला डॉलर तीन पेसोंच्या वर गेला होता.

पहिल्या संकटात न वितळणारे एकक हवे असते, दुसऱ्यात बँकेबाहेरची जागा हवी असते. क्रिप्टो, म्हणजे बिटकॉइनसारखे इंटरनेटवर चालणारे डिजिटल चलन, या दोन्ही गरजा काही अंशी भागवू शकते, कारण स्वतःच्या वॉलेटमधला (क्रिप्टो ठेवण्याच्या ॲपमधला) पैसा कोणत्याही बँकेच्या ताब्यात नसतो आणि तो ज्या एककात मोजला जातो ते एकक आपले सरकार छापत नाही. मात्र घाबरलेल्या मनाने हे काम बहुधा उलट्या क्रमाने केले जाते. माणसे आधी विकत घेतात, मग ठेवायचे कुठे ते शोधतात, आणि घरात औषधाला पैसे लागले की हे मोडायचे कुठे, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदा पडतो. म्हणून या मार्गदर्शनाची सुरुवात शेवटच्या टोकापासून केली आहे.

आधी मोडण्याची वाट शोधावी

औषधविक्रेत्याला, किराणा दुकानदाराला आणि घरमालकाला जे चलन चालते, त्यात आपल्या वॉलेटमधला आकडा कोण, किती वेळात आणि कोणत्या दराने बदलून देईल, याचे उत्तर मिळाल्याशिवाय एक पैसाही गुंतवू नये. वाटा साधारणपणे तीन असतात. एक्स्चेंजच्या, म्हणजे क्रिप्टो घेण्या-विकण्याची सोय करणाऱ्या कंपनीच्या, मध्यस्थीने दुसऱ्या व्यक्तीला थेट विकणे, ज्याला पी-टू-पी म्हणतात. गावातल्या खात्रीच्या दलालाकडून रोख घेणे. आणि ज्यांना क्रिप्टो चालते त्यांच्याकडून थेट वस्तू किंवा सेवा घेणे. यांपैकी किमान दोन वाटा आपल्यासाठी खरोखर उघड्या असाव्यात, कारण संकट तीव्र झाले की नेमकी सवयीची वाट बंद होते. खात्री करून घेण्याचा एकच मार्ग आहे. पाच-दहा डॉलरएवढी रक्कम विकत घ्यावी, दोन दिवस ठेवावी आणि मोडून रोख हातात घ्यावी. त्यात गेलेले पैसे हे शिकण्याचे शुल्क समजावे.

या पहिल्या फेरीत घेताना आणि मोडताना नेमके किती गेले ते वहीत लिहून ठेवावे, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा राहतो. समजा, दोन्ही वेळचे मिळून ६ टक्के गेले. महागाई महिन्याला २ टक्के असेल, तर या महिन्यात खर्च होणारा पगार क्रिप्टोत बदलणे उघड तोट्याचे आहे. महागाई महिन्याला ३० टक्के असेल, तर नुसत्या पंधरवड्यात पैशाची सुमारे १२ टक्के क्रयशक्ती जाते आणि तिथे ६ टक्के देणे परवडते. आपल्या देशातला वेग यांपैकी कशाच्या जवळ आहे ते स्वतः मोजावे. त्यासाठी सरकारी आकड्यांपेक्षा दर आठवड्याला त्याच दहा जिनसांचे भाव टिपणे अधिक भरवशाचे असते. भावाची तुलना करतानाही सरकारी विनिमय दर धरू नये. बाजारात रोख डॉलर ज्या दराने मिळतो तो दर धरावा, कारण पी-टू-पी बाजार त्याच्याच आसपास चालतो.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते. पगार हातात आल्यावर पहिला क्रम टिकाऊ धान्य, तेल, नेहमीची औषधे आणि मुलांच्या गरजा यांचा असावा. महागाईपासून वाचण्याचा तो सर्वांत जुना आणि बिनशुल्क उपाय आहे. त्यानंतर घरात काही दिवसांची रोकड ठेवावी, आणि जे उरेल त्याचाच विचार पुढे करावा.

बिटकॉइन की डॉलरशी बांधलेले नाणे

बिटकॉइनची एकूण संख्या २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाही असा त्याच्या रचनेतच नियम आहे, आणि कोणतीही कंपनी किंवा सरकार आपल्या वॉलेटमधला बिटकॉइन गोठवू शकत नाही. ज्यांनी बँकेची दारे बंद होताना पाहिली आहेत त्यांना या दोन गोष्टींचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. परंतु नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९,००० डॉलरवर असलेला बिटकॉइन वर्षभरात १६,००० डॉलरच्या खाली आला होता. ज्या कुटुंबाला पुढच्या महिन्याचे भाडे द्यायचे आहे त्याला असा उतार सोसत नाही. त्यामुळे काही वर्षे हात न लावता ठेवता येईल एवढीच रक्कम बिटकॉइनमध्ये असावी आणि चालू खर्चाचा पैसा डॉलरशी बांधलेल्या स्टेबलकॉइनमध्ये असावा, असे माझे मत आहे.

स्टेबलकॉइनमध्ये एक नाणे म्हणजे एक डॉलर असे वचन असते आणि ते पाळण्यासाठी कंपनी तेवढी मालमत्ता बाजूला ठेवते. टीथर कंपनीचे यूएसडीटी आणि सर्कल कंपनीचे यूएसडीसी ही सर्वाधिक चालणारी दोन नाणी आहेत, आणि संकटग्रस्त देशांच्या पी-टू-पी बाजारात बहुधा यूएसडीटीलाच गिऱ्हाईक लवकर मिळते. हे वचन निर्धोक मात्र नाही. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा सर्कलचे ३.३ अब्ज डॉलर तिच्यात अडकले होते. यूएसडीसीचा भाव ९० सेंटच्या खाली घसरला आणि ठेवी सुरक्षित असल्याचे अमेरिकी सरकारने जाहीर केल्यावर दोन-तीन दिवसांत सावरला. ज्यांनी त्या शनिवार-रविवारी घाबरून विकले त्यांचे नुकसान कायमचे झाले. याच्या उलट टेरा या प्रकल्पाच्या यूएसटी या नाण्यामागे खरी डॉलर-मालमत्ता नव्हती, नुसते गणिती सूत्र होते. त्यावर वर्षाला जवळपास २० टक्के व्याज दिले जात होते, आणि मे २०२२ मध्ये ते काही दिवसांत मातीमोल झाले. पोटासाठी ठेवलेल्या पैशावर व्याजाचे आमिष दाखवणाऱ्या कोणत्याही योजनेपासून दूर राहावे. याशिवाय हे लक्षात असू द्यावे की स्टेबलकॉइन काढणारी कंपनी एखादा पत्ता (वॉलेटचा खाते क्रमांकासारखा ओळखक्रम) गोठवू शकते आणि तपास यंत्रणांच्या सांगण्यावरून तसे अनेकदा झालेले आहे.

वॉलेट आणि बारा शब्द

एक्स्चेंजच्या खात्यात दिसणारा आकडा हे त्या कंपनीने आपल्याला द्यायचे देणे असते. एफटीएक्स या बड्या एक्स्चेंजने नोव्हेंबर २०२२ मध्ये पैसे काढणे थांबवले आणि तीन-चार दिवसांत दिवाळखोरी जाहीर केली. बँकेच्या दारातून परत आलेल्या माणसाने पुन्हा तशाच दारात उभे राहू नये. एक्स्चेंजचा उपयोग घेण्या-मोडण्यापुरता करावा आणि बाकीची रक्कम आपल्या स्वतःच्या वॉलेटमध्ये आणावी.

वॉलेटचे ॲप अधिकृत स्टोअरमधूनच घ्यावे, आणि तेही ज्याने तयार केले त्याच्या संकेतस्थळावरून दुवा पडताळून घ्यावे. समाजमाध्यमांवरच्या गटांत फिरणारी फाइल कधीही बसवू नये. नवे वॉलेट उघडताच पडद्यावर इंग्रजीतील बारा किंवा चोवीस साधे शब्द क्रमाने येतात. हे शब्द २,०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून निवडलेले असतात आणि तेच आपले वॉलेट असतात. फोन हरवला, फुटला, जप्त झाला तरी दुसऱ्या कोणत्याही फोनवर हे शब्द त्याच क्रमाने भरले की पैसा समोर येतो. तसाच तो हे शब्द मिळालेल्या कोणाच्याही समोर येतो, आणि अशा वेळी तक्रार नोंदवायला कोणी नसते.

म्हणून या दहा मिनिटांसाठी दार लावून बसावे. फोनचा कॅमेरा वापरू नये, शब्दांचे छायाचित्र किंवा स्क्रीनशॉट काढू नये, ते ईमेलमध्ये किंवा फोनमधल्या टिपणवहीत साठवू नयेत. ओल लागली तरी न फुटणाऱ्या शाईने किंवा शिसपेन्सिलीने ते कागदावर लिहावेत आणि प्रत्येकापुढे त्याचा क्रमांक घालावा. अक्षर सुवाच्य असावे. तरी घाबरण्याचे कारण नाही, कारण त्या यादीतला प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरूनच वेगळा ओळखता येतो. मग दुसरा कागद घेऊन पहिल्यावरून पाहून नक्कल करावी आणि ती पडद्यावरच्या शब्दांशी ताडून पाहावी. एक प्रत घरात आणि दुसरी घराबाहेर, ज्यांच्यावर डोळे मिटून विश्वास आहे त्यांच्याकडे, बंद पाकिटात ठेवावी.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. वॉलेटमध्ये पैसे येण्यापूर्वीच ॲप फोनमधून काढून टाकावे, पुन्हा बसवावे आणि कागदावरचे शब्द भरून तोच पत्ता परत दिसतो का ते पाहावे. शब्द लिहिताना झालेली चूक रिकाम्या वॉलेटवर कळली तर काहीच जात नाही. रक्कम मोठी असेल आणि मिळत असेल तर हार्डवेअर वॉलेट, म्हणजे याच कामाचे फोनपासून वेगळे छोटे उपकरण, घ्यावे. मात्र ते नवे, सीलबंद आणि थेट निर्मात्याकडूनच घ्यावे.

पाठवताना आणि मागवताना

एकच यूएसडीटी अनेक नेटवर्कवर, म्हणजे व्यवहार नोंदवणाऱ्या वेगवेगळ्या जाळ्यांवर, चालते आणि इथेच सर्वाधिक पैसे वाया जातात. ट्रॉन नेटवर्कवरचा पत्ता इंग्रजी टी या मोठ्या अक्षराने सुरू होतो, तर इथेरियमवरचा शून्य आणि एक्स या जोडीने. एक्स्चेंजवरून पैसे काढताना जे नेटवर्क निवडले तेच समोरच्या वॉलेटने स्वीकारायला हवे, नाहीतर रक्कम अशा जागी पडते की ती परत मिळवणे अवघड आणि कधी अशक्यच होते. शुल्काचाही घोळ असतो. ट्रॉनवर यूएसडीटी पाठवायचे तर शुल्क ट्रॉनच्याच टीआरएक्स या नाण्यात आकारले जाते. अनेकांनी नुसते यूएसडीटी मागवून घेतले आणि गरजेच्या दिवशी टीआरएक्स नसल्यामुळे त्यांना ते हलवता आले नाही. चार-पाच व्यवहारांना पुरेल एवढे टीआरएक्स कायम बाजूला असावे.

पत्ता हाताने टाइप करू नये. कॉपी करावा किंवा क्यूआर कोड वाचावा, आणि चिकटवल्यावर पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरे बोट ठेवून ताडावीत, कारण कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे घातक प्रोग्राम असतात. जुन्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता उचलण्याची सवय तर पूर्ण सोडावी. आपल्या नेहमीच्या पत्त्यासारखीच सुरुवात आणि शेवट असलेला पत्ता बनवून त्यावरून आपल्याला नगण्य रक्कम पाठवणारे भामटे असतात. ती नोंद यादीत सर्वांत वर येऊन बसते आणि पुढच्या वेळी आपण तोच पत्ता उचलतो. असे पैसे गेले की ते परत फिरवणारी कोणतीही यंत्रणा नाही. त्यामुळे नव्या पत्त्यावर आधी एक-दोन डॉलर पाठवावेत, समोरच्याकडून पोहोच घ्यावी आणि मगच उरलेली रक्कम सोडावी.

परदेशातल्या नातेवाइकांकडून पैसे येणार असतील तर ही रीत खरोखर कामाची ठरते. रविवार असो वा सुट्टी, पैसा काही मिनिटांत पोहोचतो आणि बँक बंद असण्याने अडत नाही. निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेनेही डिसेंबर २०२२ मध्ये युक्रेनमधील विस्थापितांना यूएसडीसीमध्ये मदत देण्याचा प्रयोग सुरू केला, आणि ती मनीग्राम या पैसे पाठवणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर रोखीत घेण्याची सोय ठेवली होती. मोडण्याची वाट आधी बांधून मग पैसे पाठवण्याचे ते चांगले उदाहरण आहे.

अनोळखी माणसाशी व्यवहार

पी-टू-पी बाजारात एक्स्चेंज विक्रेत्याची नाणी एस्क्रोमध्ये, म्हणजे व्यवहार पूर्ण होईपर्यंत स्वतःच्या ताब्यात, अडकवून ठेवते, खरेदीदार विक्रेत्याच्या खात्यात स्थानिक चलन भरतो, आणि विक्रेत्याने पैसे मिळाल्याचे मान्य केले की नाणी सुटतात. समजा, आपण ५० यूएसडीटी विकत आहोत. गप्पांच्या खिडकीत लगेच निरोप येतो की पैसे पाठवले, सोबत हिरव्या खुणेची पावती, आणि मिनिटभरात दुसरा निरोप येतो की आई रुग्णालयात आहे, कृपया लवकर सोडा. या क्षणी पावतीकडे पाहू नये. बँकेचे ॲप वेगळे उघडावे, शिल्लक खरोखर वाढली आहे का ते पाहावे, रक्कम पूर्ण आहे का ते पाहावे आणि पाठवणाऱ्याचे नाव एक्स्चेंजवर पडताळलेल्या नावाशी जुळते का ते पाहावे. पावती बनवणे हे मुलांचा खेळ झाले आहे. नाव जुळत नसेल तर नाणी सोडू नयेत, व्यवहारावर तक्रार नोंदवावी आणि पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करण्याची प्रक्रिया एक्स्चेंजमार्फतच पार पाडावी. तिऱ्हाइताच्या खात्यातून आलेला पैसा कोणाच्या तरी फसवणुकीतला असू शकतो, आणि मग पोलिसांच्या पत्रावर आपलेच खाते गोठते. संकटात असलेल्या घराचे एकमेव बँक खाते गोठणे म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही.

शेकडो व्यवहार पूर्ण केलेल्या आणि काही महिने जुन्या खात्यांशीच व्यवहार करावा. बाजारभावापेक्षा ठळकपणे चांगला दर देणारा बहुधा त्याची किंमत दुसऱ्या मार्गाने वसूल करतो. गप्पा एक्स्चेंजच्या बाहेर, टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपवर नेण्याचा आग्रह झाला की व्यवहार तिथेच थांबवावा, कारण बाहेर झालेल्या बोलण्याचा तक्रारीत उपयोग होत नाही. समोरासमोर रोख घ्यायची असेल तर दिवसाढवळ्या, वर्दळीच्या जागी आणि दोघांनी जावे. नोटा तपासून मोजाव्यात. आणि एकूण किती शिल्लक आहे ते समोरच्याला दिसू नये म्हणून त्या कामापुरते वेगळे, छोटे वॉलेट ठेवावे.

कायदा, वीज आणि मर्यादा

आपल्या देशात हे कायदेशीर आहे का, हे मध्यवर्ती बँकेच्या परिपत्रकातून स्वतः वाचून घ्यावे, कारण नियम बदलत राहतात. नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेने फेब्रुवारी २०२१ मध्ये बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांपासून दूर राहण्याचा आदेश दिला आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो मागे घेतला. चीनने सप्टेंबर २०२१ मध्ये असे सर्वच व्यवहार बेकायदा ठरवले. जिथे बंदी आहे तिथे तुरुंगाचा किंवा जप्तीचा धोका पत्करून हा मार्ग धरावा असा सल्ला मी देणार नाही. अशा ठिकाणी टिकाऊ वस्तू आणि कायद्यात बसणारे परकीय चलन यांचाच विचार करावा. जिथे परवानगी आहे तिथे प्रत्येक व्यवहाराची तारीख, रक्कम, दर आणि समोरच्याचे पडताळलेले नाव लिहून ठेवावे. करासाठीही ते लागते आणि खाते गोठले तर खुलासा देताना तीच वही कामी येते.

विजेचे आणि इंटरनेटचे भान सोडू नये. मार्च २०१९ मध्ये व्हेनेझुएलाचा बहुतांश भाग कित्येक दिवस अंधारात होता. कार्डयंत्रे बंद पडली, फोन बंद पडले आणि त्या दिवसांत ज्यांच्याकडे रोख डॉलर होते त्यांचेच व्यवहार चालले. वॉलेटमध्ये कितीही रक्कम असली तरी आठवडाभराची रोकड आणि चार्ज केलेली एखादी पॉवर बँक घरात हवीच.

घरातल्या माणसांना शिकवणे

ज्याने हे सगळे जमवले तोच आजारी पडला, परगावी अडकला किंवा राहिला नाही, तर बाकीच्यांना त्यातला एक डॉलरही मिळत नाही. बँकेत वारसाला निदान अर्ज तरी करता येतो. इथे तीही सोय नाही. त्यामुळे घरातल्या आणखी एका प्रौढ व्यक्तीला सगळी रीत हाताने करायला लावावी. तिने पाकीट कुठे आहे ते सांगावे, दुसऱ्या फोनवर ॲप बसवावे, बारा शब्द भरून वॉलेट परत आणावे, पाच डॉलर एक्स्चेंजवर पाठवावेत, ते विकावेत आणि बँकेत जमा झालेले पैसे काढून दाखवावेत. या वेळी आपण शेजारी बसावे, पण फोनला हात लावू नये. ती जिथे अडेल ती पायरी तिच्याच शब्दांत वहीत लिहून घ्यावी. मात्र त्या वहीत बारा शब्द किंवा पासवर्ड यांतले काहीही नसावे. काम झाले की दुसऱ्या फोनवरून वॉलेट काढून टाकावे आणि पाकीट पुन्हा बंद करून जागेवर ठेवावे. फोन बदलला, एक्स्चेंज बदलले किंवा सहा महिने उलटले की ही तालीम पुन्हा एकदा करावी.